मायनिंगमधून आलेलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवर वापरलेलं आरटीएक्स ३०८० (१० जीबी) स्वस्तात मिळतंय. दुकानदार म्हणतो, मायनिंगला वापरलेलं नाही. घ्यावं का? आणि बिटकॉइन चढला की कार्डं पुन्हा महागतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बिटकॉइनची भीती सोडा. त्याचं मायनिंग, म्हणजे यंत्राने सतत गणितं सोडवून नवी नाणी मिळवणं, २०१३ च्या सुमारासच एसिक यंत्रांवर, म्हणजे फक्त त्याच कामासाठी बनवलेल्या यंत्रांवर गेलं. २०२१ मध्ये कार्डं पळवली ती इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो नाण्याने. त्याचं गणित मेमरीच्या वेगावर चालायचं आणि तो वेग ग्राफिक्स कार्डांत होता. त्यात चिपचा तुटवडा. ६९९ डॉलरचं ३०८० दुपटीच्या वर विकलं जात होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि वापरलेल्या कार्डांचा बाजारात पूर आला. तेवढी कमाई देणारं दुसरं नाणं कार्डांना मिळालेलं नाही.

आता तुमचं कार्ड. मे २०२१ पासून या कार्डांची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने नव्या ३०८० वर मायनिंगची वेगमर्यादा घातली. त्याआधीचं बिल असेल तर ते मायनिंगला लागलं होतं असंच धरून चाला, दुकानदार काहीही म्हणो. एवढ्यावरून कार्ड नाकारू मात्र नका. मायनिंगवाले वीज वाचवायला मुख्य चिपचं व्होल्टेज उतरवतात, त्यामुळे चिप सहसा ठणठणीत असते. झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणाऱ्या मऊ पट्ट्या), कारण मेमरी दिवसरात्र तापलेली असते.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच कार्ड चालवून घ्या. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून ठेवा, एखादा जड गेम किंवा ३डीमार्क ही कार्डाची चाचणी २० मिनिटं चालवा आणि 'मेमरी जंक्शन टेम्परेचर' हा आकडा बघत राहा. ९५ अंशांच्या आत राहिला तर उत्तम. ११० ला टेकला की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. तिथे पॅड वाळलेत असं समजा. कडेला तेलकट डाग दिसला तर तो बहुधा पॅडमधूनच पाझरलेला असतो. पॅड बदलता येतात, पण जाडी त्या मॉडेलचीच हवी. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड बसवला तर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) मुख्य चिपवर नीट टेकत नाही, मग मेमरी गार आणि चिप भट्टी! पंखे पूर्ण वेगाने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय, तेवढी किंमत कमी करून घ्या. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकोन दिसले तर मात्र कार्ड तिथेच ठेवून या.

कार्डावरचा सिरियल नंबर बिलाशी जुळवा. घरी ७५० वॉटचा पॉवर सप्लाय लागेल. कार्डाला ८-पिनची जितकी सॉकेट असतील, त्या प्रत्येकाला वेगळी केबल द्या. एकाच केबलच्या दोन टोकांवर ३२० वॉटचं कार्ड टाकलं की गेम ऐन रंगात आल्यावर संगणक बंद पडतो आणि दोष उगाच कार्डाला लागतो.