लोकल सर्व्हरला स्वतःचं डोमेन आणि एचटीटीपीएस कसं द्यायचं? (हिंजवडीत पाच जणांची टीम आहे)

एमकेसर्ट (लोकल कामासाठी एचटीटीपीएस सर्टिफिकेट बनवणारं टूल) वापरा आणि डोमेनचा शेवट 'डॉट टेस्ट'ने करा. बाणेरला आमच्या टीममध्येही हीच पद्धत आहे. एमकेसर्ट तुमच्याच मशीनवर रूट सर्टिफिकेट (ज्याच्या सहीवर बाकीची सर्टिफिकेट खरी मानली जातात) तयार करून सिस्टीमच्या विश्वासार्ह यादीत घालतं आणि त्याच्या सहीने डोमेनचं सर्टिफिकेट देतं, म्हणून ब्राउझर कुरकुर करत नाही. मग होस्ट्स फाइलमध्ये (कोणतं नाव कोणत्या पत्त्यावर जायचं ते सांगणारी सिस्टीमची फाइल) ते नाव १२७.०.०.१ कडे, म्हणजे स्वतःच्याच मशीनकडे, वळवा आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरला सर्टिफिकेट व कीच्या फाइल्स दाखवा. नाव मात्र विचार करून निवडा. 'डॉट टेस्ट' हे १९९९च्या आरएफसी २६०६ने (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) चाचणीसाठीच राखून ठेवलंय, त्यामुळे ते बाहेर कुणाच्या साइटशी भिडणार नाही. 'डॉट डेव्ह' हे खरं, विकत मिळणारं डोमेन आहे. 'डॉट लोकल' एमडीएनएससाठी (एकाच नेटवर्कमधली उपकरणं नावाने शोधायची पद्धत) आहे, तेही टाळा. फक्त एक अट: प्रत्येकाने आपापल्या मशीनवर एमकेसर्ट चालवायचं. रूटची प्रायव्हेट की (सही करायची गुप्त फाइल) गिटमध्ये किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर कृपया टाकू नका. ती ज्याच्या हाती लागेल, तो तुमच्या ब्राउझरला खोटी बँकही खरी म्हणून दाखवू शकतो.