गोळी भाजीत कालवू नकोस

पाथरी तालुक्यातल्या एका गावाहून आलेलं पत्र, थोडं कमी करून देते आहे:

"ताई, मालक दहा-बारा वर्षांपासून पितात. आधी पोळा, लग्नकार्य, बाजाराचा दिवस एवढंच होतं. आता सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात. नव्वद पोटात गेली की मग चहाचा कप धरता येतो. मागच्या आषाढीला त्यांनी आपणहून माळ घातली. दोन दिवस नुसता घाम, झोप नाही. तिसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, वारलेल्या चुलत्याशी बोलायला लागले. सासूबाई म्हणाल्या, ही भानामती आहे. देवऋषी आणला. शेवटी दिरानं क्वार्टर पाजली तेव्हा शांत झाले, आणि माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली. दिवाळीनंतर सोयाबीन विकून एका व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने ठेवलं. तिथलं काही सांगत नाहीत. आल्यावर महिनाभर नीट राहिले, कापसाची पट्टी हातात पडली आणि परत सुरू. आता मावसबहिणीनं मेडिकलवरून गोळ्या आणल्यात. न सांगता भाजीत कालव, दारूची किळस येते म्हणते. देऊ का? आणि माळ परत घालता येते का?"

बाई, नको देऊस. पुढचं सावकाश वाच, पण आधी ती पाकिटं लेकरांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेव.

पाकिटावर बारीक अक्षरात डायसल्फिराम असं नाव असेल, तर तिनं किळस येत नाही. दारूचं शरीरात आधी एक विषारी द्रव्य होतं आणि यकृत लगेच त्याचा निकाल लावतं. ही गोळी नेमकं हे दुसरं काम अडवते, म्हणून विष रक्तात साठतं. तोंड लाल होतं, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. रोज पिणाऱ्या माणसाला न कळवता दिलीस तर तो संध्याकाळी नेहमीसारखा पिणारच, आणि ताट तू वाढलेलं असेल. शिवाय एकदा का त्यांना कळलं, की तुझ्या हातचा घाससुद्धा ते संशयानं खातील.

औषध वाईट नाही. पण ते यकृत, हृदय तपासून, शेवटच्या घोटाला निदान १२ तास उलटल्यावर आणि माणसाला सगळं समजावून त्याच्या मर्जीनं देतात. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो, हे घेणाऱ्याला माहीत असावंच लागतं.

आता त्या तिसऱ्या रात्रीचं. तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि तुमच्या घरात तिचाच अर्थ चुकीचा लागला. वर्षानुवर्षं रोज दारू घेतली की मेंदू तिच्या गुंगीशी जुळवून घेतो. ती एकदम तोडली की तो उसळतो. काही तासांत हात कापायला लागतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत आकडीचे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना नसलेली माणसं, किडेमुंग्या दिसतात, दिवस-रात्र कळेनाशी होते. तुझ्या मालकांना झालं ते हेच. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार न झाल्यास यात माणसं दगावतात. सासूबाईंना एवढंच विचार, भानामती क्वार्टरनं कशी उतरली? दिराला मात्र बोल लावू नकोस. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

म्हणून, ऐकायला विचित्र वाटेल, पण दवाखान्यात भरती होईपर्यंत त्यांना शपथ घालून एकदम दारू तोडायला लावू नका. मधेच झटका आला किंवा असंबद्ध बोलायला लागले तर १०८ला फोन करा, देवऋषी नको. दवाखान्यात थरथर आणि झटके थांबवणारी औषधं देऊन ती दिवसागणिक कमी करतात, आणि जीवनसत्त्व बी-१ची इंजेक्शनं देतात. उपाशीपोटी पिणाऱ्यांच्या अंगात ते बहुधा फारच कमी उरलेलं असतं, आणि ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

कुठं जायचं? आधी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी कर. अंबाजोगाई, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांतही हा विभाग आहे. १४४४६ ही नशामुक्तीची आणि १४४१६ ही टेलि-मानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची हेल्पलाइन आहे, मराठीत बोल. "वेड्याचा डॉक्टर" म्हणून गाव हसेल, हसू दे. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं, की दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. उरलेल्यांची तऱ्हा बहुधा तुमच्यासारखीच असते: शपथ, अंगारा, नाही तर कोंडून ठेवणं.

त्या केंद्राबद्दल ते बोलत नाहीत म्हणतेस, ते मला खटकलं. हळूच विचार. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचे रुग्णही येतात, आणि साखळीनं बांधायला त्यात बंदी आहे. पुढं कुठल्याही खासगी केंद्राची पायरी चढायच्या आधी नोंदणी दाखवा म्हण, डॉक्टर कधी येतात विचार आणि घरच्यांना भेटू देतात का ते बघ. भेटू देत नसतील तर मागं फीर.

मालक चला म्हटल्यावर येतील का? "दारू सोडायला चला" म्हणालीस तर येणार नाहीत. "हात थरथरतात त्यावर औषध आहे" म्हण. सकाळी, चहाच्या वेळी, कुणी नसताना. ज्यानं आपणहून माळ घातली त्याच्या मनात सोडायचं आहेच, त्याच्या शरीरानं तेव्हा दगा दिला.

अंगातली दारू उतरवणं आठवड्याभराचं काम. खरी कसोटी घरी आल्यावर असते. ओढ कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, पण त्यांसाठी महिन्याच्या महिन्याला डॉक्टरांकडे जावं लागतं, आणि आपली माणसं बरं वाटलं की एस्टीचं तिकीट वाचवतात. पुन्हा प्यायले तर पैसे पाण्यात गेले असं समजू नकोस. दमा, साखर उलटते तसं हेही उलटतं, तेव्हा लगेच परत जायचं. पुढच्या हंगामात कापसाची पट्टी रोख घेऊ नका, पैसे तुझ्या खात्यावर येऊ देत. हे त्यांच्याशी डॉक्टरांसमोरच ठरव, म्हणजे घरी भांडण नको.

तू लिहिलेलं नाहीस, पण ते कधी हात उचलत असतील तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ नंबर लाव. तो आजारी आहे म्हणून मार खायचा नसतो.

आणि माळ. वारकऱ्यांत जाणत्या माणसाला विचार, परत घालता येईल असंच सांगतील. फक्त क्रम बदल: आधी दवाखाना, मग माळ. दिवेलागणीची वेळ त्यांच्यासाठी सगळ्यात अवघड असणार. त्याच वेळी मारुतीच्या देवळात हरिपाठ असेल तर तिथं जाऊ देत, दिराला सोबत पाठव. आणि भरती करताना सासूबाईंना घेऊन जा. मुंग्या कशानं दिसल्या, ते त्यांनी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. सुनेचं ऐकतील असं मला तरी वाटत नाही.