मागे ॲम्ब्युलन्स, पुढे तीसचा फलक

प्रश्न: शाळेसमोरच्या ताशी ३० किलोमीटर मर्यादेच्या पट्ट्यातून कारने जात होतो. मागून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आली. डावीकडे ओळीने गाड्या उभ्या होत्या आणि उजवीकडे दुभाजक होता. बाजूला व्हायला जागा नव्हती, म्हणून वेग वाढवून पुढे निघालो. चौकात सिग्नल लाल होता. तिथे स्टॉप लाइन ओलांडून डावीकडे सरकलो आणि ॲम्ब्युलन्सला वाट दिली. आठवड्याने दोन ई-चलानं आली. एक ५२ च्या वेगाचं, २,००० रुपयांचं. दुसरं सिग्नल तोडल्याचं, ५०० रुपयांचं. वाट दिली नसती तर १०,००० दंड झाला असता म्हणतात. मग माझं चुकलं कुठे? पैसे भरू की लढू? लायसन्सला काही धोका?

उत्तर: दोन्ही चलानं एकाच मापाने मोजू नका. सिग्नलचं चलान लढण्याजोगं आहे. वेगाचं मात्र, निदान तुम्ही दिलेल्या कारणावर, टिकणं कठीण आहे. ते पाडायचं तर वेगळ्या मुद्द्यावर पाडावं लागेल. तो मुद्दा पुढे येईल.

आधी १०,००० रुपयांच्या कलमाबद्दल, कारण बहुतेक गडबड त्याच्या धास्तीतून होते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कलम १९४-ई आलं. अग्निशमन दलाचं वाहन, ॲम्ब्युलन्स किंवा राज्य सरकारने ठरवलेलं अन्य आपत्कालीन वाहन जवळ येत असताना जो चालक रस्त्याच्या कडेला होत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. यातला कळीचा भाग ‘कडेला होणं’ हा आहे. पुढे पळून वाट मोकळी करा, असं कलम म्हणत नाही. १९८९ च्या जुन्या नियमांमध्येही भाषा हीच होती आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही सामान्य चालकाकडून अपेक्षा तीच आहे.

त्याच २०१७ च्या विनियमांनी आपत्कालीन वाहनाच्या चालकाला खास सवलती दिल्या आहेत. सायरन आणि दिवे चालू असताना, योग्य ती काळजी घेऊन, तो वेगमर्यादा ओलांडू शकतो, लाल सिग्नलवरून पुढे जाऊ शकतो. या सवलती त्या वाहनाच्या आहेत. त्याच्यापुढे धावणाऱ्या कारला त्यातला छटाकभरही वाटा मिळत नाही. म्हणूनच ‘ॲम्ब्युलन्ससाठी वेग वाढवला’ हे कारण ऐकायला चांगलं वाटलं, तरी वेगमर्यादा ओलांडण्याबद्दलच्या कलम १८३ पुढे थिटं पडतं.

‘थांबलो असतो तर पेशंट अडकला असता’ यावर आकडेच पाहू. ताशी ३० च्या वेगाने १०० मीटर कापायला १२ सेकंद लागतात, ताशी ५२ ने सुमारे ७. म्हणजे दर १०० मीटरमागे तुम्ही ॲम्ब्युलन्सचे पाच सेकंद वाचवले. त्या बदल्यात ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर तिप्पट झालं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी आठऐवजी चौदा मीटर पुढे जाते. हे सगळं शाळेसमोर, जिथे उभ्या गाड्यांच्या आडून मूल कधीही रस्त्यावर येऊ शकतं. न्यायाधीश हेच गणित मांडणार.

तरीही कायद्यात एक खिडकी आहे. भारतीय न्याय संहिता, २०२३ चं कलम १९ (जुन्या दंडसंहितेचं ८१) सांगतं की मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूविना आणि सद्भावनेने केलेलं कृत्य, त्यातून हानी होण्याची शक्यता ठाऊक असली तरी, तेवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. संहितेतले हे सर्वसाधारण अपवाद विशेष कायद्यांखालच्या गुन्ह्यांनाही लागू होतात, म्हणजे मोटार वाहन कायद्यालाही. मात्र अपवादाचा आधार घ्यायचा तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ नुसार तुमची. आणि पहिला प्रश्न हाच येईल की दुसरा मार्ग होता का.

सिग्नलपाशी दुसरा मार्ग नव्हता, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. मागे ॲम्ब्युलन्स टेकलेली, दोन्ही बाजू बंद, आणि मोकळी जागा फक्त रेषेपलीकडे डावीकडे. रेषा ओलांडून तिथेच थांबला असाल आणि चौक पार केला नसेल, तर हा बचाव मांडण्यासारखा आहे. वेगाच्या बाबतीत मात्र दुसरा मार्ग होता. ३० च्या वेगातच, डावा इंडिकेटर देऊन, पार्किंगमधली पहिली फट येईपर्यंत जाता आलं असतं. पन्नासेक मीटर तसं गेलात म्हणून कोणी १९४-ई लावलं असतं, असं मला वाटत नाही. जागाच नसताना जागा न देणं म्हणजे ‘कडेला न होणं’ नव्हे. लाल सिग्नलला गाड्यांच्या रांगेत अडकलेल्या चालकाचंही तेच.

सिग्नलच्या चलानवर कलम कोणतं आहे, ते नीट वाचा. कलम ११९ सह १७७ असेल तर पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. तुमच्या रकमेवरून तेच असावं. लाल सिग्नल तोडणं कलम १८४ च्या ‘धोकादायक वाहन चालवणं’ या व्याख्येतही बसतं. तिथे पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. १८४ लिहिलेलं असेल तर नुसतं ॲपवर पैसे भरून विषय संपेल असं धरू नका. वकील गाठा.

आता वेगाच्या चलानचा वेगळा मुद्दा. ३० ची मर्यादा कायद्याने अस्तित्वात होती का? कलम ११२(२) नुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला प्राधिकारी एखाद्या रस्त्यावर कमी मर्यादा लावू शकतो, पण त्यासाठी राजपत्रात अधिसूचना हवी आणि कलम ११६ प्रमाणे जागेवर फलक हवा. रस्त्याच्या कामासारख्या कारणासाठी एक महिन्यापेक्षा जास्त काळ नसलेली मर्यादा असेल तर अधिसूचना लागत नाही, फलक मात्र लागतोच. कोणीतरी हौसेने रंगवून उभी केलेली ‘वाहने सावकाश चालवा’ची पाटी म्हणजे वेगमर्यादा नव्हे. वाहतूक शाखेकडे माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी मागा: त्या पट्ट्याच्या मर्यादेची अधिसूचना आणि फलक लावल्याची नोंद. अधिसूचना निघाली नसेल किंवा फलक झाडाच्या फांदीआड असेल, तर कलम १९ पेक्षा हा बचाव कितीतरी भक्कम.

कॅमेऱ्याचीही उलटतपासणी होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७-अ, २०२१ मध्ये आलेला, यंत्राने पकडलेल्या गुन्ह्यांसाठी काही अटी घालतो. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. त्या पट्ट्याआधी कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक हवा. घटनेपासून १५ दिवसांत नोटीस निघायला हवी. चलानसोबत नंबरप्लेट आणि गुन्हा स्पष्ट दाखवणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र (आता साक्ष अधिनियमाचं कलम ६३(४)) हवं. यातलं काय कमी आहे ते तपासा. नुसतं ‘कॅमेरा चुकीचा असेल’ म्हणून भागत नाही.

पुराव्याची घाई करा. सीसीटीव्हीचं जुनं चित्रण नव्याखाली पुसलं जातं, आणि तुमचा आठवडा आधीच गेलाय. चौकातल्या कॅमेऱ्याचं आणि शाळेच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्याचा अर्ज आजच द्या. त्यात तारीख, वेळ आणि दिशा लिहा, पोच घ्या. चलानमधला फोटो मोठा करून पाहा. कॅमेरा मागून टिपणारा असेल तर ॲम्ब्युलन्सचे दिवे त्याच चौकटीत सापडू शकतात. आधीच्या आणि नंतरच्या काही सेकंदांचं चित्रण मागा. डॅशकॅम असेल तर मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवा आणि मूळ फाइल कापू-जोडू नका. ॲम्ब्युलन्स १०८ सेवेची असेल तर त्या वेळी त्या रस्त्यावर त्यांची गाडी होती का, एवढंच विचारा. पेशंटचं नाव किंवा आजार विचारलात तर अर्ज तिथेच अडेल, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

पैसे भरण्याचं म्हणाल, तर तक्रार नोंदवण्याआधी भरू नका. भरलं की तडजोड झाली, प्रकरण मिटलं, आणि मग बचाव ऐकायला कोणी बसत नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर आणि ई-चलानच्या पोर्टलवर तक्रारीची सोय आहे. दोन चलानांच्या दोन वेगळ्या तक्रारी करा. एकीतलं कारण दुसरीत मिसळलं की सिग्नलच्या बऱ्या तक्रारीला वेगाची कमकुवत तक्रार खाली ओढते. मजकूर पाच-सहा ओळींचा ठेवा: वेळ, जागा, ॲम्ब्युलन्स कुठून आली, डावी-उजवी बाजू का बंद होती, गाडी नेमकी कुठे थांबवली, सोबत काय जोडलंय. ‘माणुसकी’ वगैरे शब्द वाचून अधिकारी काही ठरवू शकत नाही. रेषेपासून गाडी किती पुढे होती यावरून ठरवू शकतो. उत्तराची मुदत चलानवर किंवा पोर्टलवर असेल तीच धरा. तक्रार फेटाळली तर न्यायालयात म्हणणं मांडण्याचा मार्ग उरतोच. पण ५०० रुपयांसाठी किती तारखा घालवायच्या, ते तुम्ही ठरवा.

माझा हिशेब असा: सिग्नलची तक्रार नोंदवा. वेगाच्या बाबतीत अधिसूचना, फलक आणि यंत्राचं प्रमाणपत्र तपासा. तिन्ही जागेवर असतील तर भरून मोकळे व्हा.

पुन्हा तशीच वेळ आली तर काय करायचं, तेही सांगतो, कारण वेगमर्यादेच्या पट्ट्यात नेहमीची सवय कामी येत नाही. सायरन ऐकू आला की आधी आरशात पाहून तो कुठून येतोय ते ठरवा. ॲक्सिलरेटर सोडा, डावा इंडिकेटर द्या, गाडी हळूहळू डावीकडे घ्या, गरज पडली तर थांबवा. कचकन ब्रेक नको. गतिरोधकावर तर मुळीच नको, मागची ॲम्ब्युलन्सच येऊन आदळेल. दुभाजकाच्या रस्त्यावर तुम्ही उजव्या लेनमध्ये अडकला असाल आणि डावी लेन भरलेली असेल, तर दुभाजकाला चिकटा आणि डावीकडच्याला डावीकडे सरकू द्या, मधून वाट होते. यासाठी रांगेत थांबतानाच पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवायचं, नाहीतर स्टिअरिंग वळवायलाच जागा राहत नाही. झेब्रा क्रॉसिंगवर थांबू नका आणि शाळेसमोर फुटपाथवर चाक चढवू नका. तिथे पोराला धक्का लागला तर सायरनचं कारण तुम्हाला वाचवणार नाही. अरुंद पूल किंवा बोगदा असेल तर मर्यादेतल्या एकसारख्या वेगाने तो पार करा आणि बाहेर पडताच कडेला व्हा. मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सलाही कडेला होऊन वाट द्यायची असते.

लाल सिग्नलवर रेषेच्या आत राहून सरकता येतंय का ते आधी पाहा. गणवेशातल्या पोलिसाने हाताने पुढे बोलावलं तर पुढे जा, त्याचा इशारा सिग्नलच्या दिव्यावर भारी. त्याच्या उभ्या राहण्याची जागा आणि वेळ लक्षात ठेवा. चलान आलं तर तेच उत्तर. ॲम्ब्युलन्स गेल्यावर तिच्या मागे लागून चौक पार करणारे महाभाग असतात. त्यांना कसलाच बचाव नाही, आणि मागून दुसरी ॲम्ब्युलन्स किंवा बंब येत असू शकतो. पुन्हा लेनमध्ये शिरण्यापूर्वी उजवा आरसा पाहा. आणि पुढाऱ्याच्या गाडीला १९४-ई लागू नाही. लाल दिव्यांची मिरवणूक १ मे २०१७ पासून बंद आहे.

लायसन्सबद्दल. कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला दंड १,००० ते २,००० रुपये आहे. दुसऱ्या वेळेपासून लायसन्स जमा करण्याची तरतूद लागते. इथे एक बारकावा आहे: कलम २०० नुसार तडजोड करून दंड भरला, तरी तो पुढच्या खेपेला ‘आधीचा गुन्हा’ म्हणून मोजला जातो. त्यामुळे हे २,००० भरलेत आणि वर्षभरात पुन्हा वेगात सापडलात, तर तो तुमचा पहिला गुन्हा राहणार नाही. जमा झालेलं लायसन्स आरटीओकडे जातं. तिथे मोटार वाहन कायद्याच्या (संहितेच्या नव्हे) कलम १९ प्रमाणे तुमचं म्हणणं ऐकल्यावरच तीन महिन्यांच्या अपात्रतेचा निर्णय होऊ शकतो. सुनावणीची नोटीस आरटीओच्या नोंदीतल्या पत्त्यावर जाते. घर बदललं असेल तर लायसन्सवरचा पत्ता आणि पोर्टलवरचा मोबाइल नंबर आताच दुरुस्त करून घ्या.