ऑक्टल संख्येच्या अंकांची बेरीज केली तरी ७ ची बाकी चुकीची का येते?

तुमचा प्रश्न असा: गोवा मुक्तीचं साल १९६१ ऑक्टलमध्ये, म्हणजे दहाऐवजी आठच्या पटीत स्थानं (१, ८, ६४, ५१२) मोजणाऱ्या पद्धतीत, ३६५१ होतं. ऑक्टलमध्ये अंकांच्या बेरजेवरून ७ ची बाकी मिळते, म्हणून तुम्ही ३+६+५+१ = १५ आणि पुढे १+५ = ६ केलं. पण १९६१ ला ७ ने भागलं की बाकी १ उरते. मग नियम खोटा का?

नियम खरा आहे, रूपांतरही बरोबर आहे. चूक दुसऱ्या बेरजेत झाली. १५ तुम्ही दशमानात लिहिलेत, तिथला १ म्हणजे दहा. दहातून सात गेले की तीन उरतात, एक नव्हे. तीच बेरीज ऑक्टलमध्ये १७ होते: एक आठ आणि वर सात. आता १+७ म्हणजे आठ, ऑक्टलमध्ये १०, आणि १+० = १. हीच बाकी. ऑक्टलमधली बेरीज जड जात असेल तर अंक एकदाच मिळवा आणि १५ ला सरळ ७ ने भागा.

कारण डोळ्यांसमोर आणायचं तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आठ-आठ नारळांचे ढीग लावलेत असं धरा. प्रत्येक ढिगातून सात उचलले की एक उरतो, म्हणजे जितके ढीग तितके नारळ शिल्लक. चौसष्टच्या राशीतून ६३ उचला, एकच उरतो. ५१२ मधून ५११, म्हणजे ७×७३, उचलले तरी एकच. ३६५१ मध्ये अशा ३ मोठ्या राशी, ६ मधल्या, ५ ढीग आणि १ सुटा नारळ आहे. प्रत्येकातून एक उरला की झाली अंकांची बेरीज. दशमानात ९ चा जो मान, तो इथे ७ ला आहे.

९ ची बाकी हवी असेल तर उजवीकडून सुरू करून अंक आलटून पालटून वजा-अधिक करा: १−५+६−३ = −१, म्हणजे बाकी ८. डावीकडून सुरू केलंत तर चार अंकी संख्येत चिन्ह उलटतं. भाग जातो की नाही हे तरीही कळतं, पण बाकी चुकते. हीच रीत ३ लाही चालते. ५ आणि १३ साठी उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा आणि त्या तशाच आलटून पालटून वजा-अधिक करा, कारण ६४+१ = ६५, म्हणजे ५×१३. ऑक्टल ५१ म्हणजे ४१ आणि ३६ म्हणजे ३०, फरक ११. म्हणून ५ ची बाकी १ आणि १३ ची ११. २, ४, ८ साठी शेवटचा अंक पुरतो.

सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत पडताळा घेणार असाल तर आकड्याआधी शून्य लावा. ०३६५१ लिहिलं तरच तो ऑक्टल धरला जातो. नुसतं ३६५१ लिहिलं की दशमानच.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ऑक्टलमधला सगळ्यात देखणा गुण वर्गसंख्यांचा आहे. कुठल्याही विषम संख्येचा वर्ग १ नेच संपतो, आणि तो १ पुसला की उरते त्रिकोणी संख्या, म्हणजे १, १+२, १+२+३ अशा बेरजांपैकी एक. ३, ५, ७, ९ यांचे वर्ग ऑक्टलमध्ये ११, ३१, ६१, १२१. शेवटचा १ पुसल्यावर १, ३, ६ आणि १२, म्हणजे दहा. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला ते साल १९८७ ऑक्टलमध्ये ३७०३ आहे. शेवटी ३, म्हणून ते पूर्ण वर्ग नाही हे बघताक्षणी कळतं. ३६५१ मात्र १ ने संपते, तिथे पुढे बघावं लागतं: उरलेले ३६५ म्हणजे २४५. ते २३१ आणि २५३ या लागोपाठच्या त्रिकोणी संख्यांच्या मधे पडतात, म्हणून १९६१ हाही पूर्ण वर्ग नाही.