नोव्हाक जोकोविच एवढा जिंकूनही टेनिसवाल्यांमध्ये त्याच्यावरून दोन तट का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 24 ग्रँड स्लॅम (टेनिसच्या वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं), 428 आठवडे पहिला नंबर, वर ऑलिम्पिकचं सोनं, तरी जोकोविचचं नाव काढलं की निम्मे लोक नाक मुरडतात आणि उरलेले निम्मे भांडायला उठतात, असं का? आणि वय वाढेल तसं हे निवळेल का?

माझी बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं त्या हिशेबाने वाचता येईल. मी फेडररवाला आहे, म्हणजे त्याचा मोठा प्रतिस्पर्धी रॉजर फेडररचा चाहता.

'लस घेतली नाही ना त्याने' हे उत्तर पटकन सुचतं. त्याने तेल ओतलं हे खरं, पण आग जुनी आहे. यूएस ओपनमध्ये न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली ती 2008 मध्ये, कोविडचं नावही कुणी ऐकलेलं नसताना. त्याच्या आदल्याच वर्षी हेच प्रेक्षक त्याच्या प्रेमात पडले होते. वीस वर्षांच्या या पोराने मॅच जिंकून भर कोर्टवर शारापोव्हाची आणि नदालची नक्कल करून दाखवली होती आणि अख्खं स्टेडियम हसून लोळलं होतं. वर्षभराने त्याच स्पर्धेत अँडी रॉडिकशी उपांत्यपूर्व सामना आला. जोकोविच तेव्हा दुखण्यांच्या बऱ्याच तक्रारी करायचा. रॉडिकने पत्रकारांसमोर त्याची टर उडवली: बर्ड फ्लू, अँथ्रॅक्स, सार्स, सर्दी-खोकला, सगळं एकदमच झालंय बिचाऱ्याला. जोकोविचने त्याला हरवलं आणि मुलाखतीत माइकवर सुनावलं, की अँडी म्हणतो तशी सोळा दुखणी मला नाहीत हे आता दिसलंच असेल. झालं! स्टेडियम उसळलं. घरच्या माणसाने केला तो विनोद, पाहुण्याने उत्तर दिलं तो उद्धटपणा.

अर्थात शिक्का अगदीच उगाच बसला नव्हता. 2006 मध्ये डेव्हिस कपच्या वेळी फेडररसारखा तोलून बोलणारा माणूससुद्धा याच्या दुखापती म्हणजे थट्टा आहे असं बोलून गेला होता. 2009 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये गतविजेता असताना रॉडिकविरुद्ध उन्हाने हैराण होऊन याने सामना अर्धवट सोडला. पण शिक्का एकदा बसला की खरं दुखणंही खोटं वाटतं. जानेवारी 2025 मध्ये मेलबर्नला झ्वेरेवविरुद्ध पहिला सेट गमावून तो मांडीच्या दुखापतीने बाहेर पडला, तर ज्या कोर्टवर दहा वेळा करंडक उचललाय तिथेच लोकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी त्याने एमआरआयचा फोटो टाकला. स्नायू फाटल्याचा पुरावा द्यायची वेळ सदतिसाव्या वर्षी यावी, यात सगळं आलं.

आता मुळाशी येऊ. 2008 मध्ये त्याने पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलं तोवर टेनिसची वाटणी होऊन गेली होती. लालित्य हवं त्याने फेडररकडे जावं, जिगर हवी त्याने नदालकडे. दोघांचं वैर देखणं आणि मैत्रीही देखणी. पानं वाढून पंगत बसली होती आणि हा तिसरा दारात येऊन उभा राहिला. नुसता उभा राहिला असता तर पाट-पाणी मिळालंही असतं, पण हा दोघांच्या पानातलं उचलायला लागला. आणि शेवटपर्यंत उचलत राहिला: फेडररविरुद्ध 27-23, नदालविरुद्ध 31-29.

त्यात त्याचा खेळ असा, की टीव्हीवर त्याची खुमारी कळत नाही. फेडररचा बॅकहँड टेनिस न कळणाऱ्यालाही सुंदर दिसतो. जोकोविचचं मोठेपण रिटर्नमध्ये आहे. समोरच्याने जीव तोडून सर्व्हिस केली आणि चेंडू तितक्याच वेगाने त्याच्याच बुटांपाशी, बेसलाइनच्या वीतभर आत येऊन पडला, की सर्व्हिस करणाऱ्याला दुसरं पाऊल टाकायलाही जागा उरत नाही. ज्याने क्लबात का होईना, रॅकेट धरलीय तो हे बघून अवाक होतो. जो हायलाइट्स बघतो त्याला वाटतं, 'हा नुसता परत मारतोय.' म्हणून माझ्या ओळखीत खेळणारे लोक जोकोविचचे जास्त आणि बघणारे फेडररचे. मी खेळतो पण अन् फेडररवाला पण, त्यामुळे माझी दोन्हीकडून हजेरी घेतली जाते.

तरीही एवढ्याने द्वेष होत नाही. लेंडल किंवा साम्प्रासही लोकांना कंटाळवाणे वाटायचे, पण त्यांच्यावरून कुणी हमरीतुमरीवर आलं नाही. त्यांना प्रेम हवं होतं की नाही, ते त्यांनी कधी कळू दिलं नाही. जोकोविच मात्र ताकाला जातो आणि भांडंही पुढे करतो. मॅच संपली की छातीवरून हात काढून चारही दिशांना काळीज फेकणार. फ्रेंच प्रेक्षकांशी फ्रेंच, इटालियन प्रेक्षकांशी इटालियन बोलणार. अर्ध्या लोकांना यात निरागसपणा दिसतो, अर्ध्यांना नाटक. मला विचाराल तर हे नाटक नाही, आणि नेमकं म्हणूनच ते बघणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. एवढा मोठा माणूस आपल्यासमोर काहीतरी मागतोय आणि आपल्याला ते द्यायचं नाहीये, अशा वेळी माणूस मागणाऱ्यावरच चिडतो.

मागितलेलं त्याला एकदा भरभरून मिळालं, तेही हरताना. 2021 च्या यूएस ओपनची अंतिम फेरी. वर्षातली तिन्ही ग्रँड स्लॅम खिशात, चौथं जिंकलं असतं तर रॉड लेव्हरनंतर 52 वर्षांनी पुरुषांमध्ये कॅलेंडर स्लॅम (एकाच वर्षात चारही) झालं असतं. मेदवेदेव त्याला सरळ सेटमध्ये हरवत होता. तिसऱ्या सेटमध्ये 4-5 असताना तो बाजू बदलायला खुर्चीवर बसला आणि अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडायला लागलं. तो टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडत होता. उठून सर्व्हिससाठी उभ्या राहिलेल्या मेदवेदेवसमोर आला तेव्हाही डोळे लाल होते. पुढच्याच गेममध्ये हरला. नंतर म्हणाला, न्यूयॉर्कमध्ये असं मला कधीच वाटलं नव्हतं.

उलट बाजूची मॅच म्हणजे 14 जुलै 2019, विम्बल्डन. आपल्याकडे रविवारची रात्र. तिकडे लॉर्ड्सवर इंग्लंड-न्यूझीलंड विश्वचषकाची अंतिम लढत, इकडे सेंटर कोर्ट, आणि घरोघरी एकाच रिमोटवरून तंटे. भारत उपांत्य फेरीत बाहेर पडलेला असल्यामुळे मी टेनिसवर ठाम होतो. पाचव्या सेटमध्ये फेडरर 8-7 ने पुढे, सर्व्हिस त्याची. लागोपाठ दोन बिनतोड सर्व्हिस आणि 40-15. अडतिसाव्या वर्षाला महिनाही उरला नसलेला फेडरर, दोन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे यातला एक गुण मिळाला की करंडक त्याचा. पहिल्यावर फोरहँड बाहेर गेला. दुसऱ्यावर फेडरर नेटकडे धावला आणि जोकोविचने फोरहँड त्याच्या अंगावरून तिरका असा काढला, की सेंटर कोर्ट गप्प झालं. मग ब्रेक, मग 12-12, मग टायब्रेक. 4 तास 57 मिनिटांनी सामना जोकोविचचा. फेडररने एकूण गुण जास्त मिळवले होते, 218 विरुद्ध 204. विजयी फटकेही कितीतरी जास्त. पण तिन्ही टायब्रेक जोकोविचचे. म्हणजे जिथे चूक परवडत नाही तेवढीच जागा त्याने राखली आणि बाकीचा सामना फेडररला देऊन टाकला. फेडररवाल्यांच्या हातातोंडाशी आलेला घास गेला तो असा. सामन्यानंतर जोकोविचने सांगितलं, लोक 'रॉजर' ओरडत होते तेव्हा मी मनातल्या मनात 'नोव्हाक' ऐकत होतो. हे वाचून माझा एक मित्र त्याचा कायमचा भक्त झाला. मी टीव्ही बंद करून झोपलो, म्हणजे झोप आली नाही ते वेगळं.

त्याच्यावर जीव टाकायचं आणि त्याच्यावर चिडायचं कारण एकच आहे, लोक मात्र दोन. पंधरा हजार माणसं विरोधात असताना जो आपलंच खरं करतो, तोच मेलबर्नच्या विमानतळावरही आपलंच खरं करणार. जानेवारी 2022 मध्ये तो लस न घेता, वैद्यकीय सवलतीचा कागद घेऊन तिथे उतरला. 262 दिवस घरात कोंडून काढलेल्या शहराला हा कागद बघून काय वाटलं असेल ते सांगायला नको. व्हिसा रद्द झाला, कोर्टाने परत दिला, मंत्र्यांनी पुन्हा रद्द केला, तीन न्यायाधीशांनी तो निर्णय कायम ठेवला आणि त्याला परत पाठवलं. मधल्या काळात कळलं, की 16 डिसेंबरला पॉझिटिव्ह निघूनही 18 तारखेला त्याने एका फ्रेंच वृत्तपत्राला मुलाखत आणि फोटो दिले होते, आणि प्रवासाच्या अर्जातली माहितीही चुकीची होती. याचं समर्थन मी तरी करणार नाही. पण त्याच्या चाहत्यांचाही एक मुद्दा बिनतोड आहे. मंत्र्यांनी शेवटी जे कारण दिलं ते 'याच्यामुळे लसविरोधाला चिथावणी मिळेल' या धर्तीचं होतं. तो काय बनेल याची शिक्षा, काय केलं याची नव्हे. पुढे अमेरिकेच्या नियमांमुळे 2022 चं यूएस ओपनही गेलं. करंडक गेले तरी चालतील, पण लस घेणार नाही, असं त्याने मुलाखतीत सांगितलं आणि खरंच करंडक सोडले. हे अनेकांना मूर्खपणाचं वाटतं, मलाही. पण बोलल्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजणारे लोक फार नसतात, हेही खरं.

बाकीची यादी पटकन उरकतो. 2020 च्या उन्हाळ्यात बेलग्रेड-झादरमध्ये भरवलेली प्रदर्शनी स्पर्धा, नाइटक्लबातला नाच आणि त्यानंतर चार खेळाडू पॉझिटिव्ह: शुद्ध बेफिकिरी. त्याच वर्षी यूएस ओपनमध्ये वैतागून मागे मारलेला चेंडू लाइन जजच्या गळ्याला लागला आणि जोकोविच स्पर्धेतून बाद ठरला: नियमाप्रमाणे झालं. इथे त्याच्यापेक्षा त्याच्या चाहत्यांनी लाज आणली. त्या बाईंच्या मागे ते समाजमाध्यमांवर हात धुऊन लागले, शेवटी त्यालाच विनंती करावी लागली की त्यांना सांभाळून घ्या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीचं कांस्यपदक खेळायचं असताना याने माघार घेतली आणि जोडीदार नीना स्तोयानोविचचं पदक गेलं. माझ्या लेखी यादीतली सगळ्यात वाईट गोष्ट ही, आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते.

त्याच्या चाहत्यांना समजून घ्यायचं तर हे लक्षात घ्या, की त्यातले पुष्कळसे हुर्योनेच घडवलेत. 1999 मध्ये नाटोचे बॉम्ब बेलग्रेडवर 78 दिवस पडत होते. हा त्याच काळात बारा वर्षांचा झाला, रात्री आजोबांच्या इमारतीच्या तळघरात आणि दिवसा कोर्टवर. पाश्चात्त्य माध्यमांत सर्बियाची तेव्हा जी प्रतिमा होती, तिचं ओझं याच्या खांद्यावर आलं, आणि त्यानेही ते झटकलं नाही. 2023 च्या फ्रेंच ओपनमध्ये कॅमेऱ्याच्या काचेवर 'कोसोवो हे सर्बियाचं काळीज आहे' असं लिहिलं. त्याच्या वडिलांचा जन्म तिथलाच. कोसोवोच्या माणसाला ते वाचून काय वाटलं असेल याचा विचार त्याने केला नसावा. पण सर्ब माणसासाठी, आणि सर्बियाशी काही संबंध नसलेल्या, पण आपल्यालाही कुणी पंगतीत घेतलं नाही असं वाटणाऱ्या जगभरच्या असंख्य लोकांसाठी, तो टेनिसपटूपेक्षा मोठा झाला. त्याच्यावरची टीका त्यांना स्वतःवरची वाटते. म्हणून ते भांडायला उठतात.

निवळेल का? थोडं निवळलंय. फेडरर 2022 मध्ये निवृत्त झाला, नदाल 2024 मध्ये. सिनर-अल्कारेझ या तरुण पोरांसमोर आता जोकोविच हाच म्हातारा, आणि म्हाताऱ्याला टाळ्या मिळतातच. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान अल्कारेझला दोन टायब्रेकमध्ये हरवून तो मातीत गुडघ्यांवर बसून रडला, तेव्हा आमच्या फेडररवाल्यांच्या ग्रुपवरही नमस्काराचे हात पडले.

गंमत म्हणजे आता त्याच्यावरून घरातच तट पडलेत. नोव्हेंबर 2024 मध्ये नोवी साद स्टेशनचं छत कोसळून माणसं मेली, सर्बियातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि जोकोविचने उघडपणे त्यांची बाजू घेतली. वर्षानुवर्षं त्याला डोक्यावर घेऊन नाचणारी सरकारधार्जिणी वृत्तपत्रं त्याच्यावर उलटली. त्याच्या कुटुंबाशी जोडलेली बेलग्रेडची एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) स्पर्धा 2025 मध्ये अथेन्सला हलली. तिथे तो खेळला आणि जिंकलाही. कारकिर्दीतलं 101 वं विजेतेपद.