'सिम्प्सन्स' बंद करण्याआधी हा एक भाग मुलाशेजारी बसून बघा

तुमचा प्रश्न असा: मुलगा १३ वर्षांचा आहे, रोज जेवताना 'द सिम्प्सन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका लावून बसतो. त्यातला बाप आळशी आणि बिनडोक, मुलगा बापाला सरळ नावानं हाक मारतो, कुणालाच कुणाची भीडभाड नाही. हे बंद करावं का? आणि त्यात काही चांगलं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक भाग सांगावा.

मी सांगतो. भागाचं नाव 'अँड मॅगी मेक्स थ्री'. सहाव्या सीझनमधला तेरावा भाग, २२ जानेवारी १९९५ला अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. लेखिका जेनिफर क्रिटेंडन. लांबी जेमतेम बावीस मिनिटं. यातली गोष्ट मी शेवटापर्यंत सांगणार आहे, कारण तुम्ही प्रेक्षक म्हणून नाही तर बाप म्हणून विचारताय आणि बापाला आधी सगळं माहीत असलेलं बरं.

आधी तुमच्या काळजीबद्दल, कारण ती खोटी नाही. ही मालिका १९८९च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली आणि लगेच अमेरिकेतले पालक आणि शिक्षक हेच म्हणू लागले. बार्टचं, म्हणजे त्या उद्धट थोरल्या मुलाचं, चित्र असलेल्या टी-शर्टांवर काही शाळांनी १९९०मध्ये बंदी घातली. जानेवारी १९९२मध्ये तर राष्ट्राध्यक्ष थोरले बुश भाषणात म्हणाले की अमेरिकन कुटुंबं सिम्प्सन्ससारखी कमी आणि वॉल्टन्ससारखी जास्त व्हायला हवीत. 'वॉल्टन्स' म्हणजे १९३०च्या मंदीत एकमेकांना धरून राहणाऱ्या सालस कुटुंबाची जुनी मालिका. तीनच दिवसांनी 'सिम्प्सन्स'च्या भागाच्या सुरुवातीला बार्ट म्हणाला, आम्ही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीही मंदी संपावी म्हणून प्रार्थना करतोय! तेव्हा अमेरिकेत खरोखरच नोकऱ्या जात होत्या. उत्तर उद्धट होतं आणि खरंही होतं. ही मालिका बहुतेक वेळा असंच बोलते.

आता भाग. सुरुवातीला सगळे टीव्हीसमोर. आई, म्हणजे मार्ज, टीव्ही बंद करते आणि जुने फोटो काढून बसते. अल्बम चाळताना मधल्या मुलीच्या, लिसाच्या, लक्षात येतं की बार्टचे आणि तिचे लहानपणचे फोटो आहेत, पण धाकट्या मॅगीचा एकही नाही. का नाही? आपल्याकडेही हा प्रश्न घरोघर विचारला जातो. थोरल्याच्या बारशापासून शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंत अल्बम भरलेला असतो, आणि धाकट्याला मोठं झाल्यावर कळतं की आपली वेळ येईपर्यंत फोटो काढायचा उत्साह संपला होता. लिसाच्या विचारण्यात हा सूर आहे. बाप, म्हणजे होमर, उत्तर देण्याऐवजी मॅगीच्या जन्माची गोष्ट सांगायला घेतो.

होमर स्प्रिंगफील्डच्या अणुऊर्जा प्रकल्पात कामाला आहे. ती नोकरी त्याला मनापासून नकोशी आहे, आणि मालक मिस्टर बर्न्स त्याचं नावसुद्धा लक्षात ठेवत नाही. एक दिवस शेवटचं कर्ज फिटतं. नवरा-बायको हिशेब मांडतात: दोन मुलं, एवढा खर्च, एवढ्यात भागेल. मग होमर राजीनामा देतो. राजीनामा कसला, बर्न्सचं टक्कल तबल्यासारखं बडवून बाहेर पडतो आणि जाताना मागचा पूल पेटवून देतो. इंग्रजीत पूल जाळणं म्हणजे आपल्याकडे परतीचे दोर कापणं. होमर मात्र खरोखरचा पूल जाळतो. इथे तुमचा मुलगा हसेल, तुम्हीही हसाल.

मग तो आवडीच्या कामाला लागतो. जड चेंडूनं दहा पिना पाडायचा खेळ जिथे चालतो, त्या बोलिंगच्या ठिकाणी. पगार कमी, काम साधं, माणूस सुखी. हा तुकडा मोजून दोन-तीन मिनिटांचा असेल, पण होमरच्या चेहऱ्यावरचं समाधान बघा. ज्यानं आवडतं काम थोडे दिवस तरी केलंय, त्याला ते ओळखू येईल.

आणि मार्जला दिवस जातात.

ती त्याला सांगत नाही. तिला माहीत आहे की हिशेब दोन मुलांचा होता. तिच्या बहिणी पॅटी आणि सेल्मा गावभर बातमी पोचवतात, लोक होमरचं अभिनंदन करतात, आणि त्याला वाटतं की नव्या नोकरीबद्दल करताहेत. खरी गोष्ट कळल्यावर तो किंचाळत डोक्यावरचे केस उपटतो. बार्टच्या वेळी केस गेले, लिसाच्या वेळी गेले, आता उरलेले गेले. होमरच्या टकलाचं मालिकेनं दिलेलं कारण हेच.

इथे मला थोडं थांबायचंय. एखाद्या गोड मालिकेनं या जागी काय केलं असतं? बापाचे डोळे भरून आले असते, त्यानं बायकोला जवळ घेतलं असतं, मागे बासरी वाजली असती. इथे तसं नाही. होमरला हे मूल नको आहे, निदान आत्ता नको आहे. त्याच्या हातून काहीतरी निसटतंय आणि लेखिका ते झाकत नाही. आपल्या मराठी घरांत तर हे उच्चारायचीही सोय नाही. 'मुलांसाठी केलं' असं अभिमानानं म्हणतात, पण मुलांसाठी जे सोडलं त्याचं दुःख झालं होतं हे कुणी म्हणत नाही. बाप मूर्ख दाखवलाय म्हणून तुम्हाला राग येतो, पण तो मूर्ख आहे म्हणूनच त्याला हे लपवता येत नाही. शहाणा बाप सफाईनं लपवतो.

होमर आधी प्रयत्न करतो. बोलिंगवाल्या मालकाकडे पगारवाढ मागतो. मालक भला आहे, पण धंद्यात तेवढा पैसा नाही. मग होमर मार्केटिंगची पुस्तकं उघडतो, त्यातलं काही कळत नाही म्हणून थेट शब्दकोशात 'मार्केटिंग' बघतो, आणि शेवटी दारात उभं राहून हवेत बंदुकीचे बार काढत गिऱ्हाइकांना हाका मारतो. बंदूक आहे, हे आधीच सांगून ठेवतो. प्रसंग विनोदी आहे, पण त्यामागची धडपड खरी आहे.

ते जमत नाही. तो जुन्या प्रकल्पात परत जातो. तिथे दोन दारं आहेत. एक नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांचं, माणसाच्या उंचीचं. दुसरं याचना करायला आलेल्यांचं, इतकं लहान की गुडघ्यांवर रांगत जावं लागतं. होमर दुसऱ्या दारानं आत जातो. बर्न्स नोकरी देतो, आणि होमर बसतो त्या टेबलासमोर एक पाटी ठोकतो. इंग्रजीत 'डोन्ट फर्गेट, यू आर हिअर फॉरएव्हर', मराठीत तिचा अर्थ: 'विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस.'

या पाटीपाशी थांबून मुलाशी बोला असं मी म्हणणार होतो, पण नको. भाग पुढे जाऊ द्या.

पुढे मॅगी जन्मते. होमर प्रसूतिगृहातही पडलेल्या चेहऱ्यानंच उभा आहे. मग बाळ त्याचं बोट धरतं. एवढंच. चित्रातली चार पिवळी बोटं, एक इवलीशी मूठ, आणि त्याचा चेहरा बदलतो. इथेही मालिका आपला स्वभाव सोडत नाही: नाळ बघून तो मुलगाच झाला असं समजतो आणि डॉक्टरांना सांगावं लागतं की मुलगी आहे. नेमका हाच विनोद त्या प्रसंगाला पाणचट होऊ देत नाही असं मला वाटतं.

आपण पुन्हा सिम्प्सन्सच्या दिवाणखान्यात येतो. मुलं म्हणतात, गोष्ट ठीक आहे, पण मॅगीचे फोटो कुठेत? होमर म्हणतो, जिथे मला उभारी लागते तिथे ठेवलेत. आणि शेवटचं दृश्य. कामाचं ठिकाण, तीच पाटी. तिच्यावर आणि आजूबाजूला मॅगीचे फोटो चिकटवलेले, असे की पाटीवरची बरीच अक्षरं त्यांच्याखाली गेलीत. उरलेल्या अक्षरांतून वेगळंच वाक्य तयार झालंय: 'डू इट फॉर हर'. तिच्यासाठी कर.

मालकानं अपमान करायला लावलेल्या पाटीतूनच त्यानं हे वाक्य काढलंय. पाटी काढून टाकायची त्याची ताकद नाही, नोकरीही सुटलेली नाही, दुसऱ्या दिवशी तो तिथेच बसणार आहे. यानंतर मालिका एक अक्षर बोलत नाही.

मी हा भाग माझ्या मुलीबरोबर बघितला तेव्हा ती ११ वर्षांची होती. संपल्यावर तिनं विचारलं, आजोबांच्या ऑफिसात तुझा फोटो होता का? होता. बाबा एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये ३१ वर्षं होते. त्यांच्या टेबलावर जाड काच होती आणि काचेखाली कंपनीच्या सुट्ट्यांची यादी, एसटीच्या वेळा, विम्याच्या हप्त्यांच्या तारखा, आणि माझा चौथीतला पासपोर्ट फोटो, एका कोपऱ्यावर चहाचा डाग पडलेला. शाळेला सुट्टी असताना एकदा त्यांनी मला तिथे नेलं होतं. मला तेव्हा तो फोटो तिथे आहे याचं काहीच वाटलं नाही, काचेखाली सगळेच काही ना काही ठेवायचे. बाबांना ते काम आवडत होतं की नाही हे मी कधी विचारलं नाही. भाग बघितल्यावर त्या रविवारी फोन करून विचारलं. ते म्हणाले, 'पहिली दोन वर्षं फार जड गेली रे.' मला हे पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

म्हणून मी बंद करू नका म्हणतो. तुमच्या मुलाला होमरच्या वेंधळेपणाबरोबर हेही दिसू दे.

सगळं डोळे मिटून स्वीकारा असं मात्र नाही. होमर चिडला की बार्टचा गळा धरतो. ते मला पहिल्यापासून आवडत नाही, आणि 'कार्टून आहे' या सबबीवर मी ते सोडलं नाही. मुलीला तेव्हाच्या तेव्हा सांगितलं की हे चूक आहे. दारूही बरीच आहे, कारण होमरची संध्याकाळ मोच्या बारमध्ये जाते. दुसरं म्हणजे दुकानदार अपू. आडनाव नहासपीमापेटिलॉन, जे भारतात कुणाचंच नसतं, आणि इंग्रजीचा हेल मुद्दाम हसू यावं असा. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेत त्या हेलावरून चिडवलं गेलं. हरी कोंडाबोलू या विनोदवीरानं २०१७मध्ये त्यावर माहितीपट केला, आणि २०२०मध्ये हँक अझारिया या अभिनेत्यानं अपूला आवाज देणं थांबवलं. तुमचा मुलगा जुने भाग बघत असेल तर अपू त्याला भेटणारच. परदेशात कुणी भाऊबंद असतील तर त्यांच्या मुलांना याबद्दल काय वाटतं ते त्याला विचारायला लावा. माझ्या आतेभावाचा मुलगा न्यू जर्सीत वाढला, त्याचं या बाबतीतलं मत माझ्यापेक्षा कडक आहे आणि मला ते पटतं.

बापाला नावानं हाक मारण्याचं म्हणाल, तर माझ्या मुलीनं आठवडाभर करून बघितलं आणि सोडून दिलं. मी रागावलो नाही. होमरचं 'होमर' हे नाव कुठून आलं ते मात्र तिला सांगितलं: मालिकेचा कर्ता मॅट ग्रेनिंग, त्याच्या वडिलांचं नाव होमर. आईचं मार्गारेट, म्हणून मार्ज. लिसा आणि मॅगी ही त्याच्या बहिणींची नावं. आपल्याच घरातल्या माणसांची नावं दिली म्हटल्यावर तिचा बघण्याचा सूर जरा बदलला.

हा भाग आवडला तर त्याच्यानंतर चौथ्या सीझनमधला 'लिसाज फर्स्ट वर्ड' लावा, डिसेंबर १९९२चा. प्रसारणाच्या क्रमानं तो आधीचा आहे, पण मी नंतर दाखवतो आणि त्याचा परिणाम जास्त होतो. मॅगी मालिकेत बोलत नाही, तोंडात कायम चोखणी. या भागाच्या शेवटी होमर तिला झोपवायला नेतो. मोठी दोन्ही बोलायला लागल्यापासून उलट उत्तरं देतात, म्हणून तो तिला म्हणतो, तू कधी बोलूच नकोस. दिवा घालवतो, दार ओढून घेतो. अंधारात मॅगी चोखणी काढते आणि पहिला शब्द बोलते: 'डॅडी'. आवाज हॉलिवूडची अभिनेत्री एलिझाबेथ टेलरचा आहे. होमर तोवर जिन्याकडे गेलेला असतो.