उन्हात अडणारी पॅकार्ड

प्रश्न : घरची १९३६ ची पॅकार्ड वन-ट्वेंटी मोटार सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. मे महिन्यात मात्र होटगी रस्त्याला फेरी मारून पंधरा मिनिटे थांबलो की स्टार्ट घेत नाही. तासाभराने घेते. ठिणगीसाठीची नवी कॉइल घातली, फरक नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कॉइल बदलूनही फरक नाही, तर आता पेट्रोल तपासा. गाडी अडली की एअर क्लीनर काढा आणि कार्बोरेटरच्या घशात पाहत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ओढा. जवळ विडी-काडी नको. बारीक पिचकारी उडाली नाही, तर फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी, कोरडे आहे. आत ओल आणि उग्र वास असेल, तर उकळलेले पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्यांत, सांडले आहे. अशा वेळी चोक लावू नका, अ‍ॅक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा.

हा गाडीच्या मांडणीचा परिणाम आहे. ४.६ लिटरच्या या साइड-व्हॉल्व्ह (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनात आठ सिलिंडर एका रांगेत आहेत. इनटेक (मिश्रण आत नेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा) मॅनिफोल्ड एकाच बाजूला, त्यामुळे कार्बोरेटर थेट तापत्या मॅनिफोल्डवर बसतो. इंजिनावरचा एसी कंपनीचा इंधनपंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब घटतो, आणि दाब घटला की पेट्रोल कमी तापमानाला उकळते. इंजिन बंद होताच पंखा आणि पाणी थांबते, ब्लॉकची उष्णता पंपात चढते. बाहेर ४२ अंश असताना एवढे पुरते.

मॅनिफोल्डमध्ये उष्णतेची झडप असेल, तर आधी ती पाहा. गंजून बंद अडकली की एक्झॉस्ट सतत कार्बोरेटरचे बूड तापवत राहतो. मग कार्बोरेटरखाली ६ ते ८ मिलिमीटरचा उष्णता अडवणारा बॅकेलाइटचा ठोकळा घाला, स्टड पुरेसे लांब आहेत ना ते बघून. खरा उपाय म्हणजे टाकीजवळ, खालच्या बाजूला ६ व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. दाब ४ पीएसआयच्या आत ठेवा, नाहीतर फ्लोटची सुई तो अडवू शकत नाही. या गाडीत बॅटरीचा प्लस अर्थला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, असतो. उलटा जोडलेला ट्रान्झिस्टरचा पंप जळतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांत बनणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळलेले असते. जुने रबर त्याने फुगते. पंपाचा डायाफ्रॅम (आतला पडदा) आणि होज इथेनॉल सोसणारेच घ्या.

रस्त्यात अडलात, तर पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवा; तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर पाणी पडू देऊ नका, तो तडकतो.